सुपरकंडक्टरमधलं डोपिंग: किती टाकलं याच्याइतकंच कुठे टाकलं हेही बघा

सुपरकंडक्टर म्हणजे ठरावीक तापमानाखाली अजिबात रेझिस्टन्स न होता वीज नेणारा पदार्थ, आणि हे तापमान त्यातल्या त्यात जास्त असलेला तो हाय टेंपरेचर सुपरकंडक्टर. हे नाव ऐकलं की बऱ्याच जणांना वाटतं हा कुठलातरी जबरदस्त धातू असणार, तांब्या-चांदीच्याही पुढचा कंडक्टर. प्रत्यक्षात यातले सगळ्यात गाजलेले पदार्थ मुळात साधी वीजसुद्धा नेत नाहीत. लँथॅनम, तांबं आणि ऑक्सिजन यांचं जे ऑक्साइड होतं ते शुद्ध असताना चक्क इन्सुलेटर असतं, काळं ठिसूळ सिरॅमिक. १९८६ साली झुरिचजवळच्या आयबीएमच्या लॅबमध्ये बेडनॉर्त्झ आणि म्युलर यांनी याच ऑक्साइडमध्ये थोडं बेरियम घातलं आणि साधारण ३० केल्विनच्या आसपास त्याचा विजेला होणारा रेझिस्टन्स कोसळायला लागला, तोपर्यंतचा रेकॉर्ड होता २३ केल्विनचा आणि तोही खऱ्या धातूंच्या मिश्रणाचा. पुढच्याच वर्षी दोघांना नोबेल मिळालं. म्हणजे या सगळ्या विषयाची सुरुवातच डोपिंगने, म्हणजे पदार्थात मुद्दाम वेगळे अणू घालण्याने, झालीय.

डोपिंग हा शब्द आपण सिलिकॉनमुळे ऐकलेला असतो, पण तिथलं डोपिंग आणि इथलं डोपिंग यात खूप फरक आहे. चिपमध्ये लाखात किंवा कोटीत एखादा अणू बदलला तरी काम भागतं आणि सिलिकॉन शेवटी सिलिकॉनच राहतं. इथे अणू बदलायचे तर पाच, दहा, पंधरा टक्क्यांच्या भाषेत बोलावं लागतं आणि पदार्थाचा स्वभावच बदलत जातो, मॅग्नेटिक इन्सुलेटर, मग सुपरकंडक्टर, मग साधा धातू, सगळं एकाच क्रिस्टलच्या कुटुंबात, फक्त रेसिपी थोडी थोडी हलवून.

हे का होतं ते कळायला आधी शुद्ध पदार्थ इन्सुलेटर का आहे ते बघू. या सगळ्या कॉपर ऑक्साइड क्रिस्टल्समध्ये तांबं आणि ऑक्सिजन यांचे सपाट पापुद्रे असतात, प्रत्येक तांब्याभोवती चौकोनात चार ऑक्सिजन. जे काही नाट्य घडतं ते या पापुद्र्यांत घडतं. दोन पापुद्र्यांच्या मधे जे थर असतात, लँथॅनमचे, बेरियमचे, बिस्मथचे वगैरे, ते पापुद्र्यांना वेगळं ठेवतात आणि गरज पडली तर त्यांच्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतात किंवा त्यांना देतात. शुद्ध लँथॅनम कॉपर ऑक्साइडमध्ये प्रत्येक तांब्यावर एकेक एकटा, जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन असतो. नेहमीचं पुस्तकी गणित सांगतं की असा पदार्थ धातू असायला हवा. पण दोन इलेक्ट्रॉन एकाच तांब्यावर आले तर त्यांच्यातलं रिपल्शन इतकं जबरदस्त असतं की शेजारी उडी मारायची कुणाची टाप नसते, सगळे आपापल्या जागी अडकून. सरकवायच्या आकड्यांचं ते चौकोनी कोडं असतं ना, त्यात एकही घर रिकामं ठेवलं नाही तर काय होईल तसंच. सोंगट्या सगळ्या आहेत, हलत मात्र एकही नाही. यालाच मॉट इन्सुलेटर म्हणतात, जरा काटेकोर बोलायचं तर इथे ऑक्सिजनचाही सहभाग असल्यामुळे चार्ज ट्रान्स्फर इन्सुलेटर, पण मूळ मुद्दा तोच.

शिवाय अडकलेल्या इलेक्ट्रॉनांचे स्पिन, म्हणजे प्रत्येकाची छोट्या चुंबकासारखी दिशा, स्वस्थ बसत नाहीत. शेजारच्याचा स्पिन वर असेल तर याचा खाली, त्याच्या पलीकडच्याचा पुन्हा वर, अशी शिस्त अख्ख्या क्रिस्टलभर लागते, हे झालं अँटिफेरोमॅग्नेटिझम. आणि ही शिस्त लेचीपेची नाही बरं का, शुद्ध क्रिस्टलमध्ये ती साधारण ३२५ केल्विनपर्यंत टिकते, म्हणजे ५० अंश सेल्सियसच्या आसपास.

आता यात स्ट्रॉन्शियम घालायचं. लँथॅनमचा आयन प्लस तीन चार्जचा, स्ट्रॉन्शियमचा प्लस दोन, आणि आकाराने दोघं बऱ्यापैकी जवळ असल्यामुळे एकाच्या जागी दुसरा सहज बसतो. एक प्लस कमी पडला म्हणजे हिशेब जुळवायला कुठूनतरी एक इलेक्ट्रॉन कमी व्हायला हवा, तो पापुद्र्यातून जातो आणि तिथे मागे राहते रिकामी जागा, म्हणजे होल. हा होल प्रत्यक्षात तांब्यावर बसत नाही, तो मुख्यतः तांब्याभोवतीच्या चार ऑक्सिजनवर पसरलेला असतो आणि मधल्या तांब्याच्या एकट्या स्पिनशी जोडी लावतो, दोघं मिळून जणू त्या जागेचा स्पिनच पुसून टाकतात. १९८८ मध्ये झँग आणि राइस यांनी हे मांडलं म्हणून त्याला झँग-राइस सिंगलेट म्हणतात. आता कोड्यात एक घर रिकामं झालं आणि हालचाल सुरू झाली.

आकड्यांत बघा. १०० तांब्यांचे अणू घेतले तर त्यांच्या जोडीला २०० लँथॅनम असतात. त्यातले फक्त २ लँथॅनम काढून स्ट्रॉन्शियम घातलं की ३२५ केल्विनपर्यंत टिकणारी ती स्पिनची लांबवरची शिस्त संपते. दोन! कारण होल एका जागेवरून दुसरीकडे गेला की वाटेतल्या स्पिनांची अदलाबदल होते, वर-खालीचा क्रम बिघडतो, असे थोडे होल इकडेतिकडे फिरले तरी अख्खी रांग विस्कटते. ५-६ झाले की सुपरकंडक्टिव्हिटी दिसायला लागते. १५-१६ वर ती शिखरावर पोचते, साधारण ३८ केल्विन. आणखी घालत गेलात तर उतार सुरू, आणि २७ च्या आसपास सुपरकंडक्टिव्हिटी गायब होऊन उरतो एक साधासा धातू. आडव्या अक्षावर डोपिंग आणि उभ्या अक्षावर क्रिटिकल टेंपरेचर, म्हणजे ज्याच्या खाली सुपरकंडक्टिव्हिटी येते ते तापमान, ज्याला सगळे टीसी म्हणतात, असा ग्राफ काढला की घुमट दिसतो. घुमटाच्या डाव्या बाजूला अंडरडोप्ड, टोकाला ऑप्टिमल आणि उजवीकडे ओव्हरडोप्ड म्हणतात. गंमत अशी की कॉपर ऑक्साइडच्या बऱ्याच वेगवेगळ्या कुटुंबांत शिखराची उंची वेगळी असली, कुणाची ३८ तर कुणाची १३० च्या पुढे, तरी शिखर साधारण त्याच जागी येतं, दर तांब्यामागे ०.१६ होलच्या आसपास, म्हणजे ढोबळमानाने सहा तांब्यांमागे एक होल.

घुमटाचे दोन उतार दिसायला सारखे असले तरी त्यांच्या आत जे चालतं ते सारखं नाही. सुपरकंडक्टरमध्ये इलेक्ट्रॉन जोड्या करून एका तालात चालतात. डाव्या बाजूला या जोड्या बांधणारी ओढ चांगलीच जोरकस असते पण जोड्या करायला फिरते चार्ज कमी, त्यामुळे सगळ्या जोड्यांनी एका तालात चालायचं म्हटलं की ताल पटकन तुटतो. १९८९ मध्ये उएमुरा आणि सहकाऱ्यांनी म्युऑन नावाच्या कणांच्या मोजमापांतून दाखवलं की अंडरडोप्ड बाजूला टीसी आणि सुपरफ्लुइड डेन्सिटी, म्हणजे सुपरकंडक्टिव्हिटीत सामील होणाऱ्या चार्जची दाटी, साधारण एकमेकांच्या प्रमाणात वाढतात, ते याच्याशी जुळतं. याच बाजूला स्यूडोगॅप नावाचं प्रकरण आहे, टीसीच्या कितीतरी वर असतानाच इलेक्ट्रॉनांना मिळणाऱ्या काही ऊर्जेच्या अवस्था गायब व्हायला लागतात, जणू गॅप पडतोय पण सुपरकंडक्टिव्हिटी अजून आलेलीच नाही. डोपिंग वाढवलं की स्यूडोगॅपचं तापमान खाली येत जातं आणि ०.१९ च्या आसपास तो संपतो. तो नेमका काय आहे यावर आजही जोरदार भांडणं होतात.

अजून एक खास जागा आहे, १/८ म्हणजे ०.१२५. बेरियमवाल्या मूळ पदार्थात डोपिंग बरोबर तिथे नेलं तर टीसी एकदम काही केल्विनवर कोसळतो, घुमटाच्या मधोमध खड्डा. तिथे होल आणि स्पिन पट्ट्यापट्ट्यांत रांगा लावून बसतात, याला स्ट्राइप्स म्हणतात, आणि १९९५ मध्ये ट्रॅन्क्वाडा आणि सहकाऱ्यांनी याच कुटुंबातल्या दुसऱ्या एका क्रिस्टलवर न्यूट्रॉन सोडून हे दाखवलं. १२ टक्क्यांवर एक गोष्ट आणि १५ वर भलतीच, इतकं हे नाजूक आहे.

टीसीच्या वरचं वागणंसुद्धा डोपिंगबरोबर बदलतं आणि मला तरी हा भाग टीसीइतकाच महत्त्वाचा वाटतो. ऑप्टिमलच्या आसपास रेझिस्टन्स तापमानाबरोबर अगदी सरळ रेषेत वाढतो, लँथॅनमच्या कुटुंबात ही सरळ रेष १००० केल्विनपर्यंत मोजलीय, नेहमीच्या धातूंचा हिशेब तिथे लागत नाही म्हणून याला स्ट्रेंज मेटल म्हणतात. खूप ओव्हरडोप केलं की हळूहळू नेहमीच्या धातूसारखं वळण दिसायला लागतं. आणि हॉल इफेक्टने, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात करंटला आडवं पडणारं व्होल्टेज बघून, फिरते चार्ज मोजले तर कमी डोपिंगला जेवढे होल घातले तेवढेच मिळतात, जास्त डोपिंगला मात्र घातलेले अधिक प्रत्येक तांब्यामागचा तो मूळचा एक, जो आधी अडकून बसलेला होता, तोही मोजणीत येतो. जे इलेक्ट्रॉन हलायला तयार नव्हते ते सगळेच मोकळे झाले.

आता वायबीसीओकडे येऊ, म्हणजे यिट्रियम बेरियम कॉपर ऑक्साइड, १९८७ मध्ये सापडलेला, टीसी ९३ केल्विन, आणि म्हणूनच प्रसिद्ध, कारण लिक्विड नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो, महागड्या हीलियमची गरजच उरली नाही. इथे डोपिंगसाठी वेगळा धातू घालावा लागत नाही, फक्त ऑक्सिजन कमी-जास्त करायचा. याच्या फॉर्म्युल्यात ऑक्सिजन ६ पासून ७ पर्यंत कितीही असू शकतो. ६ ला इन्सुलेटर, ६.४ च्या अलीकडे-पलीकडे सुपरकंडक्टिव्हिटी सुरू, मधे ६० केल्विनच्या आसपास एक सपाट टप्पा, आणि ६.९३ च्या जवळ शिखर. पूर्ण ७ केलं तर उलट किंचित ओव्हरडोप्ड होतं.

हे करतात कसं तर भट्टीत. क्रिस्टल वाढवतात तेव्हा तापमान खूप जास्त असतं आणि इतक्या उष्णतेत ऑक्सिजन पदार्थात टिकत नाही, त्यामुळे भट्टीतून निघालेला क्रिस्टल ऑक्सिजनला भुकेला असतो. मग त्याला ४००-५०० अंश सेल्सियसला वाहत्या ऑक्सिजनमध्ये दिवसच्या दिवस ठेवायचं, घाई केली तर बाहेरचा भाग भरतो आणि आतला गाभा तसाच राहतो, मग टीसी मोजताना एक स्वच्छ उडी यायच्या ऐवजी पसरट उतार येतो आणि बघणाऱ्याला लगेच कळतं की अॅनीलिंग नीट झालेलं नाही. भट्टीचं तापमान आणि ऑक्सिजनचं प्रेशर या दोन बटणांवर शेवटी क्रिस्टलमध्ये किती ऑक्सिजन राहणार ते ठरतं. आत गेलेला ऑक्सिजन पापुद्र्यात जात नाही, तो मधल्या एका थरात जातो आणि तिथे तांबं-ऑक्सिजन-तांबं अशा साखळ्या बनवतो.

या साखळ्यांचा हिशेब जरा बारकाईने बघण्यासारखा आहे. एकटा ऑक्सिजन त्या थरात आला तर त्याला दोन इलेक्ट्रॉन हवे असतात, ते तो डाव्या-उजव्या दोन तांब्यांकडून एकेक घेतो आणि त्याचं भागतं, पापुद्र्याकडे काहीच मागत नाही. म्हणजे ऑक्सिजन वाढला पण डोपिंग शून्य! पण त्याच्याच रांगेत शेजारी दुसरा ऑक्सिजन आला तर मधल्या तांब्याने आपला इलेक्ट्रॉन आधीच दिलेला असतो, मग उरलेला एक पापुद्र्यातून ओढला जातो आणि तिथे होल तयार होतो. साध्या हिशेबात साखळी जितकी लांब तितके पापुद्र्यात होल जास्त. म्हणून ऑक्सिजनची संख्या तीच ठेवून नुसती त्यांची मांडणी बदलली तरी टीसी बदलतो. १९९० च्या सुमारास हे अगदी सरळ प्रयोगाने दिसलं, कमी ऑक्सिजनचा नमुना तापवून झटकन थंड केला, म्हणजे ऑक्सिजन विस्कळीत अवस्थेतच अडकले, आणि मग तो नुसता रूम टेंपरेचरला ठेवून दिला. तासा-दिवसांत ऑक्सिजन आपोआप सरकत साखळ्या लांब करत गेले आणि टीसी वाढत गेला. बाहेरून काहीही घातलं नाही, काढलंही नाही. डोपिंग म्हणजे फक्त टक्केवारी असं समजणाऱ्याने हा प्रयोग एकदा तरी नीट वाचावा.

आता त्याच्या बरोबर उलट उदाहरण, जस्त. जस्ताचा आयन तांब्यासारखाच प्लस दोन, आकारही जवळपास तोच, म्हणजे तो ना होल देतो ना घेतो, आणि मॅग्नेटिकसुद्धा नाही. साध्या सुपरकंडक्टरमध्ये अशी बिनमॅग्नेटिक भेसळ फारसं बिघडवत नाही, भौतिकशास्त्रज्ञ अँडरसनने १९५९ मध्येच हे का ते सांगून ठेवलं होतं. पण जस्त इथे थेट पापुद्र्यात, तांब्याच्या जागेवर जाऊन बसतं आणि हाहाकार उडवतं. वायबीसीओच्या जातीत एक टक्का जस्ताने टीसी साधारण १० केल्विनने खाली येतो, लँथॅनमवाल्यात तर तीन टक्क्यांच्या आसपास खेळ खलास. स्ट्रॉन्शियम १५ टक्के घातलं तर सुपरकंडक्टर तयार होतो, जस्त ३ टक्के घातलं तर तो मरतो. याचं कारण इथल्या इलेक्ट्रॉन जोड्यांची रचना, जिला डी-वेव्ह म्हणतात, ती दिशेनुसार प्लस-मायनस चिन्ह बदलते, आणि पापुद्र्यातल्या अडथळ्यावर आपटून दिशा बदलली की प्लस-मायनस एकमेकांना खोडतात. २००० साली एकेक अणू दाखवणाऱ्या टनेलिंग मायक्रोस्कोपने बिस्मथवाल्या क्रिस्टलमध्ये एकेका जस्ताच्या अणूभोवतीचं हे नुकसान प्रत्यक्ष दिसलं, चार हातांच्या फुलीसारखं.

आणि याच्या उलट वायबीसीओमध्ये यिट्रियम काढून त्या जागी गॅडोलिनियम भरा, जो भरपूर मॅग्नेटिक आहे, आणि जुन्या नियमानुसार मॅग्नेटिक अणू म्हणजे सुपरकंडक्टरचा शत्रू. टीसी जवळपास तसाच राहतो, ९० च्या वर! कारण गॅडोलिनियम दोन पापुद्र्यांच्या मधे बसतं आणि पापुद्र्यातल्या होलशी त्याचा फारसा संबंधच येत नाही. फक्त प्रासिओडिमियम हा अपवाद, तो त्याच जागी घातला की सुपरकंडक्टिव्हिटी संपते, कारण त्याचे इलेक्ट्रॉन पापुद्र्यातल्या ऑक्सिजनशी मिसळून होल अडकवतात असं मानलं जातं.

म्हणून चांगला डोपंट म्हणजे जो लांब बसून चार्ज पुरवतो आणि पापुद्रा स्वच्छ ठेवतो. लँथॅनमच्या कुटुंबात स्ट्रॉन्शियम पापुद्र्याला लागूनच असतं, त्याचा खडबडीतपणा होलना जाणवतो, आणि त्या कुटुंबाचा टीसी कमी असण्यामागे हेही एक कारण धरलं जातं. १९९३ मध्ये सापडलेल्या पाऱ्याच्या कुटुंबात एकावर एक तीन पापुद्रे आहेत, जादा ऑक्सिजन पाऱ्याच्या थरात दूर बसतो, मधला पापुद्रा तर सगळ्यात सुरक्षित, आणि साध्या हवेच्या प्रेशरला टीसी १३३ ते १३५ केल्विन. यात एक अडचणही आहे, बाहेरच्या दोन पापुद्र्यांना होल जास्त मिळतात आणि मधल्याला कमी, त्यामुळे पापुद्रे आणखी वाढवले तरी टीसी पुढे वाढत नाही.

इलेक्ट्रॉन घालूनही हे जमतं. निओडिमियम कॉपर ऑक्साइडमध्ये थोडं सीरियम घातलं की होलच्या ऐवजी जादा इलेक्ट्रॉन येतात, १९८९ मध्ये जपानमध्ये हे झालं, टीसी २४ केल्विनच्या आसपास. इथे घुमट अरुंद आणि मॅग्नेटिझम बराच वेळ टिकून राहतं, कारण जादा इलेक्ट्रॉन तांब्यावर जाऊन बसतो, त्याने त्या जागेचा स्पिन नाहीसा होतो पण उरलेल्यांची वर-खाली शिस्त तितकी बिघडत नाही. होल ऑक्सिजनवर जाऊन दोन तांब्यांच्या मधोमध गोंधळ घालतो, इलेक्ट्रॉन तसं करत नाही. २००८ मध्ये आलेल्या लोखंडवाल्या सुपरकंडक्टरमध्ये तर मूळ पदार्थच धातू आहे आणि लोखंडाच्या थरातच कोबाल्ट घातलं तरी सुपरकंडक्टिव्हिटी येते, तांब्यांच्या बाबतीत असं काही चालतच नाही, त्यावरून दोन कुटुंबं किती वेगळी आहेत ते कळतं.

वायर बनवणाऱ्यांना टीसीपेक्षा करंट किती जातो याची चिंता जास्त असते आणि तिथे डोपिंगचं उत्तर थोडं बदलतं. वायबीसीओच्या टेपमध्ये किंचित ओव्हरडोप्ड बाजूला करंट जास्त मिळतो, टीसी दोन-चार केल्विन गेला तरी चालतं, कारण तिथे जोड्या दाट असतात आणि थरांमधली पकडही सुधारते. क्रिस्टलच्या दोन दाण्यांमधली सीमा हा कायमचा दुखरा भाग, तिथे होल कमी पडतात आणि करंट अडतो, त्यावर यिट्रियमच्या जागी थोडं कॅल्शियम घालायचा उपाय चालतो, प्लस तीनच्या जागी प्लस दोन, म्हणजे पुन्हा जादा होल, नेमके जिथे हवे तिथे. बिस्मथच्या वायरमध्ये शिसं घालतात, त्याने ११० केल्विनचा तीन पापुद्र्यांचा फेज नीट तयार व्हायला मदत होते, शिशाशिवाय तो बनवायला नाकी नऊ येतात.

ओव्हरडोप्ड बाजू मात्र अनेकांना वाटत होती तितकी सोपी निघालेली नाही. अमेरिकेतल्या ब्रुकहेवन लॅबमध्ये बोझोविच आणि सहकाऱ्यांनी एकेक अणूचा थर रचून लँथॅनम-स्ट्रॉन्शियमच्या दोन हजारांहून जास्त पातळ फिल्म्स बनवल्या आणि २०१६ मध्ये दाखवलं की स्ट्रॉन्शियम वाढवत गेलं, म्हणजे चार्ज वाढत गेले, तरी सुपरफ्लुइड डेन्सिटी घटतच जाते. चार्ज भरपूर असताना सुपरकंडक्टिव्हिटीत सामील होणारे कमी का होतात? काही म्हणतात स्ट्रॉन्शियमच्या अणूंनी केलेला खडबडीतपणाच जोड्या तोडतो, डी-वेव्हमध्ये असं होणारच. दुसऱ्यांचं म्हणणं की फिल्म्स इतक्या स्वच्छ आहेत की एवढी घट नुसत्या भेसळीने येत नाही, आत वेगळंच काही आहे. हा वाद सोडवायला चार्ज वाढवायचे पण अणू बदलायचा नाही असं डोपिंग हवं, म्हणून पातळ फिल्मवर व्होल्टेज लावून होल आत-बाहेर करण्याचे प्रयोग चालू आहेत, त्यात रसायन जवळपास न हलवता तोच नमुना घुमटावरून पुढे-मागे नेता येतो.